कच्च्या मातीचे बैल

"भाजलेले नकोत. कच्चे आहेत का?"

मनकर्णानं वर पाहिलं. मोताळ्याच्या बाजारात एवढे लोक, पण हा एकच माणूस तिचा एकेक बैल उचलत होता, पोटाखालून पाहत होता आणि पुन्हा खाली ठेवत होता.

"कच्चे घेऊन काय करता? खाता?"

"चालवतो."

"मातीचा बैल चालतो कुठी?"

"माह्याकडं चालतो."

"लहानपणी डोक्यावर पडले होते काय?"

तो हसला. त्यानं खिशातून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली. तिच्या दोन्ही बाजूंना दोरे बांधलेले. चकतीच्या एका अंगाला पोपट, दुसऱ्या अंगाला रिकामा पिंजरा. दोऱ्यांना पीळ देऊन त्यानं ते ताणले. चकती गरगर फिरली आणि पोपट पिंजऱ्यात जाऊन बसला.

मनकर्णानं चकती त्याच्या हातातून हिसकूनच घेतली. उलटी केली, सुलटी केली. पोपट एकीकडं, पिंजरा दुसरीकडं... होता तसाच.

"आत गेला कसा?"

"गेला नाही. तुमच्या डोळ्याले वाटलं. पहिलं चित्र डोळ्यातून जायच्या आत दुसरं येते. आमचा सगळा धंदाच त्याच्यावर चालते."

त्याचं नाव इंद्रभान. उंद्रीच्या कुंभाराचा पोरगा. कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत मातीची मुंडकी करायला गेला आणि तिथं हे शिकून आला. आता तो फिरत्या सिनेमाच्या तंबूबरोबर गावोगाव जात होता. पोळ्याच्या बाजारात दाखवायला त्याला मातीच्या बैलांचा एक छोटा सिनेमा करायचा होता.

तो तिच्या गावी, देऊळघाटला आला. मनकर्णाच्या बापानं, पुंजाजीनं, त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "बैल तुले पाह्यजे तेवढे घे. आंगणात बसून तुहं काम कर. पण माह्या पोरीची सावलीबी त्या डब्यात गेली नाई पाह्यजे. मलकापूरचे अर्जुनराव त्याइच्या पुतण्यासाठी बोलून राह्यले. सिनेमात दिसलेली पोरगी ते घरात घेणार नाईत."

"नाही जाणार," इंद्रभान म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

मनकर्णा दाराआड उभी होती. मलकापूरचं तिला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात काम सुरू झालं. तिकाटण्यावर कॅमेरा, समोर फळी, फळीवर दोन बैल. बैलाचा पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढं सरकवायचा, बाजूला व्हायचं, हँडल एकदा फिरवायचं, की एक फोटो. पुन्हा पाय, पुन्हा हँडल. ढग आला की थांबायचं. बैलांना मनकर्णा ओलं फडकं गुंडाळून ठेवायची, तरी शिंगं वाळून कलायचीच.

"एवढ्या वेळात माहा बाप खरा बैल घेऊन बुलढाण्याले जाऊन आला असता," ती म्हणायची.

"यात निदान मातीच आयती उभी असते. चित्राचं करायचं म्हणलं तर दर खेपेला नवा कागद. उंदराची शेपटी हलवायची तरी सगळा उंदीर पुन्हा काढा."

"आन् तिसरं काही हाये का?"

"कागद कापून बाहुली करायची. खांदा, कोपर, गुडघा वेगळे कापून दोऱ्यानं जोडायचे. ती सपाट पडून असते, वरून फोटो घ्यायचे. पण मले मातीच आवडते."

"काऊन?"

"मातीवर बोटं उमटतात." तो बैलाकडं पाहत बोलला... पण बैलाच्या पाठीवरचे ठसे तिच्या बोटांचे होते, हे दोघांनाही माहीत होतं.

एका दुपारी डाव्या बैलाचं शिंग एकदम कललं. मनकर्णानं चटकन हात पुढं केला. इंद्रभानचं हँडल त्याच घडीला फिरलं. ते तेव्हा ना तिला कळलं, ना त्याला.

कळलं ते पोळ्याच्या आदल्या बाजारी. ती मोताळ्याला बैल विकायला बसली होती. इंद्रभान धावतच आला. त्यानं फिल्मची पट्टी उन्हाकडं धरली.

"हे पाह्य. बैल... बैल... बैल... आणि हे."

एका चौकोनात तिचा हात होता. बांगड्या, मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन. ती आणि तिची आई एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीपुढं बसल्या होत्या. ती रडू नये म्हणून आईनं आधी स्वतःच्या हातावर तेच गोंदवून घेतलं होतं. आई गेली, वृंदावन मनकर्णाच्या हातावर राहिलं.

"कात्री आणली हाये," तो म्हणाला. "एक चौकोन गेला तर बैल जरासा दचकल, बाकी काही नाही. मी तुह्या बाबांना शब्द देल्ला..."

"मंग कापा."

त्यानं कात्री उघडली. थांबला. "कापू?"

"तुम्हाले कापावं वाटते?"

"...नाही."

"मंग मले काऊन विचारता?"

कात्री त्याच्या हातात उघडीच होती. मनकर्णाला कानशिलं गरम झालेली कळत होती. तिनं समोरचा बैल उगीच सरळ केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पापणी लवते तेवढं तर हाये. कोण पाह्यते?"

संध्याकाळी तंबू भरला. मधे कापड बांधून बाया एकीकडं, पुरुष दुसरीकडं. मनकर्णा कापडाला लागूनच बसली आणि पलीकडून बापाचा आवाज आला.

"या, या अर्जुनराव! बसा पुढं. आज माहे बैल पाहा."

बापानं मलकापूरकरांना इथंच बोलावलं होतं! उठून इंद्रभानपर्यंत जावं, तर वाट पुरुषांमधून. ती जागेवरच बांगड्या मुठीत धरून बसली.

दिवा लागला. पेटी-तबला सुरू झाला. आधी चित्राचा उंदीर धावला. मग कागदाच्या बाईनं दळण दळलं. बाया खिदळल्या. मग मातीचा गोळा आला... गोळ्याला शिंगं फुटली, पाय फुटले, दोन बैल उभे राहिले आणि चालू लागले. तंबू आरडाओरडा करू लागला. मनकर्णाला एकेक पाऊल पाठ होतं. आता वळतील. आता मान हलवतील. आता...

हात आला आणि गेला.

"अबे, हात!" कोणीतरी ओरडलं. "हात दिसला!"

"भुताचा!"

लोक हसले. अर्जुनरावांचा आवाज हसरा नव्हता. "पुंजाजी, बाईमाणसाचा हात होता तो. बांगड्या पाह्यल्या मी. कोणाचा हाये?"

मनकर्णानं बांगड्यांचा हात पदराखाली घेतला.

"तुमच्याच आंगणात केलं न हे? सांगा न, कोणाचा हात?"

"माह्या बायकोचा," पुंजाजी म्हणाला.

"ते तर... गेल्या न?"

"हाव. गेली."

खेळ संपायच्या आत अर्जुनराव आपला रुमाल झटकून उठले आणि निघून गेले. पुंजाजी त्यांना पोचवायला गेला नाही.

तंबू रिकामा झाला तरी तो बसूनच होता. मनकर्णा त्याच्यामागं येऊन उभी राहिली. इंद्रभान यंत्राजवळ.

"पोरा, पुन्हा लाव. हात येते तिथं थांबव."

"थांबवता येत नाही, बाबा. दिव्यापुढं थांबली की फिल्म जळते."

"मंग चालव."

बैल पुन्हा उठले, चालले, वळले. हात आला, गेला. पुंजाजीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"सावलीबी नको म्हणलं होतं मी."

"हाव."

"चुकून आला?"

"आला चुकून. ठेवला..." इंद्रभान अडखळला. "ठेवला मी."

"मी ठेवाले सांगतला," मनकर्णा म्हणाली.

पुंजाजीनं मागं वळून लेकीकडं पाहिलं. तिच्या तोंडाकडं नाही, मनगटाकडं. गोंदलेल्या वृंदावनाकडं.

"उंद्रीचा न तू?" तो इंद्रभानला म्हणाला.

"हाव."

"पोळा झाला की तुह्या बापाले घेऊन ये. बोलणं तोंडानं करावं लागते. हे असं पडद्यावर नाई." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आता अजून एक डाव लाव."

इंद्रभान फिल्म गुंडाळू लागला. मनकर्णा दिवा धरायला जवळ गेली.

"आता तरी कापू का तो चौकोन?" तो कुजबुजला.

"कात्री लावून तर पाहा!" ती म्हणाली.