होडीने ओळख दिली नाही

साल दोन हजार एकावन्न. तेरवळच्या खाडीवर सकाळी धुकं उतरलं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. त्या धुक्यातून बाबांची विजेवरची होडी आवाज न करता सरकायची. दहा वर्षांच्या सुरंगीला वाटायचं, आपण ढगातूनच पैलतीरावरच्या शाळेत चाललो आहोत.

एका सोमवारी होडी जागची हललीच नाही. मोटारीचा संवेदक (मोटार किती तापली हे टिपणारा बोटभर भाग) खाऱ्या हवेने गंजला होता. बाबांनी तो काढून तस्साच नवा बसवला. तरी पडद्यावर एकच ओळ येत राहिली: 'अनोळखी भाग. कंपनीशी संपर्क साधा.' कंपनीचा माणूस वीस दिवसांनी येणार होता. तोवर गावातल्या अकरा मुलांची शाळा बुडणार होती.

भाग तोच, मापही तेच. मग होडी का चालेना? सुरंगीने हे कोडं हिराआत्याला घातलं. हिराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात तिचा जन्म गेला होता.

आत्याने दोन्ही संवेदक सुरंगीच्या तळहातावर ठेवले. प्रत्येकाच्या पोटात एक न दिसणारा क्रमांक असतो, ती सांगू लागली. भाग बसवला की नियंत्रक (यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक) त्याला क्रमांक विचारतो. तो यादीत असेल तरच मोटार सुरू करतो. आणि यादीत नवा क्रमांक लिहिता येतो फक्त कंपनीला.

हजेरीपटात नाव नसलेल्या मुलासारखंच हे, सुरंगीच्या मनात आलं. मूल समोर बसलेलं असतं, तरी ते गैरहजरच.

"पण होडी तर आपली आहे," ती म्हणाली.

चोरीचे, बनावट भाग बसू नयेत म्हणून ही युक्ती काढली होती आणि त्यात तथ्यही होतं, आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला.

"क्रमांक विचारणारा तो प्रोग्रॅम कंपनीत असताना मीच लिहिला, सुरंगी. यादी मालकाच्याही हाती हवी, हे तेव्हा सुचलंच नाही मला."

पण तो प्रोग्रॅम उघडायची सांकेतिक किल्ली कंपनीकडेच होती, तिच्याकडे नव्हती. म्हणून तिने तो नियंत्रकच काढून ठेवला आणि स्वतः जुळवलेला दुसरा बसवला. त्याचा प्रोग्रॅम कुणालाही वाचता येत होता. मोटार फार तापली तर काय, असं सुरंगीने विचारलं, तेव्हा आत्याने तिला त्यातली नेमकी ओळ दाखवली: ऐंशी अंशांवर मोटार बंद. सुरंगीने ती दोनदा वाचली. तिला ती कळली.

गुरुवारी होडी निघाली. आता ती पूर्वीसारखी धुक्यात आपोआप वाट शोधत नव्हती. बाबा सुकाणू धरून होते आणि सुरंगी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसून कान देऊन ऐकत होती. डावीकडे कांदळवनात पाणी चुबुकचुबुक वाजलं, की काठ जवळ आल्याची खूण म्हणून ती हात वर करी. मुलं अगदी गप्प होती, जणू सगळी मिळून एकच स्वप्न बघत होती.

आत्याही होडीत होती. दुरुस्तीच्या हक्काचा नवा कायदा होऊ घातला होता आणि त्याच्या समितीपुढे ती साक्ष द्यायला निघाली होती.

"तुझ्यावर रागावतील ते समितीवाले?" सुरंगीने विचारलं.

"रागावू देत. मी केलेलं कुलूप मीच त्यांना समजावून सांगेन."

पैलतीरावर मुलं शाळेकडे पळाली, आत्या चढण चढू लागली. सुरंगी मात्र काठावर रेंगाळली. समितीला सगळं समजेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण रविवारी होडीचा नवा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं.