सहाव्या पेवाचा दोर

या साहेब, या. त्या बारदानाच्या थप्पीवर टेका. उठून हात मिळवला नाही म्हणून राग मानू नका, हातात दोर आहे. दुपारी साडेबारा ते तीन मला तो सोडता येत नाही. आणि तो लिंबाखाली बाजेवर पडलाय तो केरबा. त्याच्याकडं पाठ करून बसू नका, मला त्याची छाती दिसायला हवी.

पाहणीच्या दिवशी वाट बघितली तुमची. बुधवारी. आला नाहीत. असो, काल कागद झाले, जागा तुमच्या नावावर झाली. मी घेतली तेव्हा मीही बघायला आलो नव्हतो, मग तुम्हाला काय नावं ठेवू?

मी बशीर. कराडला लागून मलकापूर आहे, तिथला. धंदा बारदानाचा, जुन्या पोत्यांचा. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं बाजारानं शिकवलं. पोतं हुंगून सांगतो, यात साखर होती का हळद. म्हसवडच्या जत्रेत एकानं धुतलेलं पोतं नवं म्हणून माझ्या गळ्यात मारायला बघितलं. म्हटलं, पाहुण्या, यात आधी शेंगा होत्या, मग पेंड, आणि मध्ये एकदा तुझ्या घरची मांजर व्यायली. गडी पोतं तिथंच टाकून पळाला. असा मी माणूस, आणि फसलो कुठं, तर मोबाईलमधल्या फोटोंत. फोटोला वास नसतो, साहेब.

दीड वर्षापूर्वी ही जागा ऑनलाइन लिलावाला निघाली. जाहिरात अजून पाठ आहे. ‘पत्र्याचे गोदाम, अकरा गुंठे. आवारात हळदीची जुनी पेवे पाच, सर्व रिकामी. जसे आहे तसे, जिथे आहे तिथे.’ सोबत नऊ फोटो. सगळे एकाच कोपऱ्यातून काढलेले. पाहणीचा दिवस दिला होता, पण त्या दिवशी मला मेढ्याला तांदळाची पोती उचलायची होती. अर्ज माझ्या नूरीननं भरला, थोरली लेक, कॉलेजात आहे. शेवटी एक चौकोन होता. ‘मी मालमत्ता प्रत्यक्ष पाहिली असून ती सर्व जबाबदारीसह स्वीकारतो.’

“अब्बा, तुम्ही कुठं बघितलीय?”

“सगळेच खूण करतात गं. कर.”

तिनं केली. माझ्या बोलीवर कुणी बोली वाढवलीच नाही. तेव्हाच नाकाला कळायला हवं होतं.

तुम्ही पुण्याचे, म्हणून पेव काय ते सांगतो. जमिनीत वीसेक फूट खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली घागरीसारखा फुगत गेलेला. त्यात हळद भरायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, पण आतली हवा मरते. म्हणून पेव उघडलं की एक दिवस मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. विझला नाही, तर दोर उतरणाऱ्याच्या कमरेला बांधायचा आणि दोराच्या शेपटाला कंदील, त्याच्या पावलांखाली लोंबता, त्याच्याआधी तळाला पोचणारा. खाली गेलेला बोलत नाही, श्वास राखतो. एक झटका म्हणजे ढील द्या. दोन म्हणजे वर ओढा. तिसरी खूण नसते.

आणि एक रीत आहे. पेव उघडताना दोर मालकानं धरायचा. हमालानं नाही, गुमास्त्यानं नाही. पेव ज्याच्या नावावर, उतरणाऱ्याचा जीव त्याच्या हातात.

केरबा वीस वर्षं माझ्याकडं हमाल आहे. तरुणपणी इथंच सांगलीकडं पेवांत उतरायचा. ताबा मिळाल्यावर आम्ही दोघं आलो. पाच पेवं उघडली. पाचही कोरडी, सोन्यासारखी. मी खूश. तेवढ्यात केरबा त्या कोपऱ्यात थबकला आणि टाच आपटली.

“भाई, हितं पोकळ वाजतंय.”

तोच कोपरा, साहेब. नऊच्या नऊ फोटो काढणारा ज्या जागी उभा राहिला होता, ती जागा. माती सारली, तर खाली फरशी. मातीनं नाही, सिमेंटनं लिंपलेली.

कुंपणापलीकडं एक म्हातारी उभी होती. ती बघा, आजही बसलीय. तिनं विचारलं, “ह्ये उघडताय व्हय?”

“तुम्ही कोण, मावशी?”

“मी रंगूबाई. जोतिबाची.”

तिचा नवरा जोतिबा पेवात उतरायचं काम करायचा. सहा वर्षांपूर्वी इथं कामाला आला, तो घरी गेला नाही. तेव्हाच्या मालकानं सांगितलं, मुंबईला पळाला. म्हातारी तेव्हापासून रोज बाराला येऊन त्या दगडावर बसते. मी म्हटलं, बरं. दुसऱ्याचं दुःख आपण ‘बरं’ म्हणून ऐकतो.

फरशी काढून एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी कंदील सोडला. विझला नाही. केरबा नळावर पाणी भरायला गेला. मी दोर धरून उभा. खाली नुसता कंदील. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं...

दोराला दोन झटके बसले.

सवयीचा हात, साहेब. दोन झटके बसले की ओढायचं. मी ओढलं. आणि वजन आलं. साखरेचं पोतं मी हजारदा ओढलंय, पोत्याचं वजन मेलेलं असतं. हे वजन तोल सावरत होतं. खाली भिंतीला पाय लावल्याचा आवाज येत होता... खर्र... खर्र... वास आला. आधी हळदीचा. मग त्याखालून घामाचा, विडीचा. मला वाटलं, केरबाच न सांगता उतरलाय.

“भाई...” मागून आवाज आला. “कुणाला वडताय?”

केरबा कळशी घेऊन माझ्या मागं उभा होता.

मी दोर सोडला.

काही पडल्याचा आवाज आला नाही. दुसरं टोक खुंटीला होतं म्हणून दोर तेवढा राहिला. केरबानं पेवाकडं बघितलंच नाही. माझ्या हातांकडं बघत होता.

“सोडलासा?”

“केरबा, खाली कोणी नाही रे.”

“मग वडत कुणाला हुतासा?”

 त्यानं कळशी ठेवली आणि दोर कमरेला बांधायला घेतला. मी त्याचा हात धरला, शिव्या घातल्या, पाया पडायचा बाकी राहिलो.

“दोराला मानूस आसताना मालकानं दोर सोडला,” तो म्हणाला. “ह्ये मी कसं बघू? मी खाली जाऊन येतो. पर ह्या बारीला सोडू नका भाई. काय बी हूं दे.”

उतरला. थोड्या वेळानं दोन झटके. मी ओढलं. दोन माणसांचं वजन. तळहाताची साल गेली, पण सोडला नाही. केरबा काठावर आला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा.

“रिकामं हाय,” तो धापा टाकत म्हणाला. “कोन न्हाई.”

“मग दोन झटके दिलेस ते?”

“मी कुठं दिलं? मला वाटलं तुमीच वडून घेतलं.”

त्यानं कमरेची गाठ सोडली. पण दोर माझ्या हातात तसाच ताणलेला होता. शेपूट अजून खाली होतं. शेपटाला अर्ध्या किलोचा कंदील.

बॅटरी मारून बघितलं. नुसता कंदील, हेलकावे खात होता. वर मात्र तो वीतभरही येईना. पोलीस बोलावले, ते शिडी लावून उतरले, पंचनामा केला. त्यांनी काय लिहिलं माहितेय? ‘रिकामे.’ जाहिरातीतलाच शब्द.

मी दोर खुंटीला बांधून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी साडेबाराला केरबाचा श्वास अडकला. एक्स-रेच्या फोटोत छाती स्वच्छ, डॉक्टर चक्रावले. मी इथं धावत आलो, तर रंगूबाई कुंपणापलीकडून एवढंच म्हणाली, “मालक, दोर धरा.” मी दोर धरला, आणि तिकडं दवाखान्यात त्याचा श्वास सुरू झाला. तेव्हापासून रोज, तीनला दोर हलका होईपर्यंत. एकदा मिरजेला भाचीच्या लग्नाला गेलो, तर केरबा अकरा दिवस नळ्या लावून पडला. आता त्याची बाज इथंच टाकलीय.

म्हणून जागा तशीच ऑनलाइन विकायला काढली. जाहिरातीत मी काही लपवलं नाही. पेवे सहा, असं लिहिलं. सहाव्याचं सगळं लिहिलं, आत्ता सांगितलं तेवढं. तुम्ही ‘अधिक वाचा’ दाबलं नाहीत? कोणी दाबत नाही. आणि शेवटच्या चौकोनात खूण केलीत. मी प्रत्यक्ष पाहिली आहे म्हणून.

नाही, घाबरवत नाही. घसा सुकलाय, दोन घोट पाणी पितो. जरा धरता? फक्त धरा, ओढायचं नाही. असा... दोन्ही हातांनी. जड आहे ना? कंदील आहे.

केरबा! कसं वाटतंय रे?

“भाई... छाती मोकळी झाली.”

बघा, दीड वर्षात तो पहिल्यांदा बाजेवर उठून बसला. रीत खरी ठरली, मालक बदलला. साहेब, मला माफ करा. माणूस माझा होता, मी सोडू शकत नव्हतो. तुम्हीही सोडू नका. साडेबारा ते तीन, बस्स. मी येत जाईन गप्पा मारायला, चहा घेऊन.

काय? झटका बसला? दोन असतील. दोन रोज येतात. वर काही येत नाही, तुम्ही नुसते...

तीन?

नीट सांगा. तीन बसले?

केरबा, तीन म्हणजे काय रे? तू उतरायचास, तुला माहीत असेल. असा बघतोस काय...

साहेब, दोर ढिला पडतोय. तुम्ही ढील दिलीत का? मग तो आपोआप वर कसा येतोय?

आणि ती रंगूबाई बघा. दीड वर्षात कुंपणाच्या आत पाऊल टाकलं नाही तिनं. आता आत आलीय. पेवाच्या तोंडापाशी उभी राहून डोक्यावरचा पदर सारखा करतेय, घरधनी दारात आल्यावर करतात तसा.