साठ नगांतला एक

पियुष पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो चुकून. बुधवार पेठेतल्या त्या इमारतीत खाली स्पीकर, मध्ये मोबाइलचे सुटे भाग आणि सगळ्यात वर आम्ही... मॉडेल रेल्वे. त्याला लॅपटॉपचा चार्जर दुरुस्त करून हवा होता. एक जिना जास्त चढला आणि दारातच थबकला.

"हे सगळं खरंच चालतं?"

"विकत घेतलं की चालतं," मी म्हणाले. दुकान बाबांचं असलं तरी खोचक बोलणं माझं स्वतःचं आहे.

पण त्याचं लक्ष काचेवर चिकटवलेल्या एका पत्रकाकडे होतं. छोट्या लाइनचं डिझेल इंजिन, तळहातावर मावेल एवढं. त्याचे डोळे एकदम मोठे झाले.

"बाप्पा! हे तर आमच्या शकुंतलेचं इंजिन! आई बारा वर्षं ह्या गाडीनं मूर्तिजापूरहून कारंज्याला शिकवायला जायची. एक द्या."

"संपलं."

"पुढचा माल कधी येऊन राहिला?"

"पहिलाच अजून आलेला नाही. बनतोय."

"बनायच्या आधीच संपलं?"

"हो."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मलाच हसू आलं. आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. कोइमतूरचे एक निवृत्त इंजिनिअर ही इंजिनं बनवतात. आधी बुकिंग घेतात, तेवढेच नग काढतात आणि पुढच्या इंजिनाच्या मागे लागतात. ह्या इंजिनाचे साठ नग होते, पण माणसं चाळीसच. कारण आमचं गिऱ्हाईक एक चालवायला घेतं आणि दुसरं नुसतं खोक्यात ठेवायला.

"कोणी बुकिंग सोडलं तर?"

"फोन करीन. नाव, नंबर लिहून ठेवा."

नंबर लिहूनही पुढच्या शनिवारी तो स्वतःच विचारायला आला. त्याच्या पुढच्याही. हिंजवडीत नोकरी, खराडीत खोली, आणि शनिवारी बुधवार पेठ. एकदा मंडईतून संत्री घेऊन आला, आणि सोलून माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "ह्याला तुम्ही पुण्यात संत्रं म्हणता? एकदा आमच्याकडे या, मग कळेल."

"आमंत्रण आहे का?"

"आहे... म्हणजे, संत्र्यांच्या मोसमात."

त्याचे कान लाल झाले. मी बिलबुकात डोकं खुपसलं. तो रूळ पुसायला शिकला, बाबांच्या कपातला अर्धा चहा त्याला मिळू लागला, आणि मी शुक्रवारी रात्रीच केस धुऊन ठेवू लागले.

मग एका बुधवारी कोइमतूरहून माल आला. येरवड्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी दोन इंजिनं बुक केली होती, पण बायकोने खोक्यांनी भरलेलं कपाट उघडून दाखवल्यावर त्यांनी एकच नेलं. दुसरं आमच्याकडे राहिलं.

"त्या विदर्भवाल्याला फोन कर," बाबा म्हणाले.

"करते."

नाही केला. खोकं खणात, ट्रान्सफॉर्मरच्या मागे ठेवून दिलं. इंजिन मिळालं की तो येईल कशाला, एवढंच डोक्यात होतं. दोन शनिवार त्याने विचारलं आणि दोन्ही शनिवार मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघून "अजून कोणी सोडलं नाही" म्हणाले. घरी जाताना फार वाईट वाटायचं. पण तरी सांगितलं नाही.

तिसऱ्या शनिवारी तो बसला नाही. खांद्यावर बॅग होती.

"दुपारच्या गाडीनं हैदराबादला चाललो. तिथे एकाकडे हे इंजिन आहे म्हणे. चाक निखळलंय, पण देतो म्हणाला. काय आहे... शुक्रवारी आई रिटायर होऊन राहिली. तिच्या हातात द्यायचं होतं. तुम्हाला उगाच घाई नको म्हणून बोललो नाही."

मी खण उघडला आणि खोकं त्याच्यासमोर ठेवलं.

"हे कधी आलं?"

"सतरा दिवस झाले."

"आणि फोन?"

"मुद्दाम केला नाही. इंजिन मिळालं की तू यायचा थांबशील म्हणून." आता 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत नव्हती. "मला तू आवडतोस. पण मी चुकीचं वागले."

बाबांच्या हातातली सोल्डरिंगची सळई जागच्या जागी राहिली. पियुषने पैसे दिले, खोकं उचललं.

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

पुढचा शनिवार तो मूर्तिजापूरला असणार, हे मला माहीत होतं. त्याच्या पुढचाही शनिवार रिकामाच गेला. "गिऱ्हाईक समाधानी असलं की परत येत नाही," बाबा म्हणाले. मी मागे जाऊन रडून आले.

त्यानंतरच्या शनिवारी जिन्यावर पावलं वाजली.

"शकुंतलेचे डबे पाहिजेत," पियुष दारातूनच म्हणाला. "आईनं इंजिन हातात धरलं, रडली, आणि मग विचारलं, मी बसू कुठे?"

"डबे कोणी काढत नाही. चाळीस जणांनी मागितले तर कोइमतूरवाले विचार करतील."

"आत्तापर्यंत किती जणांनी मागितलेत?"

"एकानेही नाही."

"मग माझं नाव लिही."

मी वहीचं कोरं पान काढून त्याचं नाव लिहिलं.

"चार-पाच वर्षंही लागतील..."

"लागू दे." तो स्टुलावर बसला. "मी अजून रागावलोय तुझ्यावर. दुसऱ्या कोणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. तू मला आवडतेस, म्हणून जास्त लागलं."

"माहीत नव्हतं."

"आता झालं. राग जाईपर्यंत शनिवारी येत जाईन."

"आणि राग गेल्यावर?"

"रविवारी येईन."

"रविवारी दुकान बंद असतं."

"म्हणूनच," पियुष म्हणाला.