डोळे मिटून जोडलेला आरसा

तराफा बांधायचं ठरलं होतं. रिकामे डबे आणून झाले होते, दोरी मिळाली होती आणि तराफा तरंगेल की बुडेल यावर एक कडाक्याचं भांडणही झालं होतं. फक्त डिंकीच्या मित्राचा, नेमबाजाचा, पत्ता नव्हता. डिंकी नदीच्या पायऱ्यांवर पाय हलवत त्याची वाट बघत होती. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण धावत आली. ही सदानकदा भावाच्या मागे असायची, म्हणून गल्लीनं तिचं नाव शेपूट ठेवलं होतं. आज मात्र शेपूट एकटीच होती आणि रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. सलूनमधल्या मोठ्या आरशाचा एक तुकडा गायब झाला होता. औषधांच्या दुकानातल्या कपाटाची आणि बेकरीच्या खिडकीची काच आधीच फुटली होती. अख्ख्या गल्लीत गलोल एकट्या नेमबाजाकडे, त्यामुळे आरोपी शोधायला कुणाला फारसा त्रास पडला नाही. सलूनवाले काका घरी येऊन आरडाओरडा करून गेले. नेमबाजाचे बाबा ट्रक चालवायचे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. आज नेमके घरी होते. त्यांनी काही न बोलता माळ्यावरची ट्रंक खाली काढली. उद्या सकाळी ते त्याला दूरच्या वसतिगृहात नेऊन सोडणार होते. तोवर तो खोलीत बंद!

"दादानं नाही केलं," शेपूट म्हणाली. "माझी शपथ घेतली त्यानं."

डिंकीचा त्यावर लगेच विश्वास बसला. नेमबाज खोड्या करायचा, पण केलेली खोडी त्यानं कधी नाकारली नव्हती. उलट चार गोष्टी वाढवूनच सांगायचा.

दोघी आधी सलूनमध्ये गेल्या. काका इतक्या रागानं कात्री चालवत होते की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं काही खरं नव्हतं. डिंकीनं आवाजात होता नव्हता तेवढा गोडवा आणून विचारलं, दगड कुठे सापडला? दगड सापडला नव्हता. मग काचांचा चुरा? चुराही नव्हता. काका जेवायला घरी गेले होते, परत येऊन बघतात तर आरशाला भोक. "चुरा त्यानंच गोळा करून नेला असेल," ते गुरगुरले.

दगड मारून आरसा फोडणारा मुलगा मागे झाडू मारतो, हे काही डिंकीला पटेना. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चढली. आरशाला कडेनं एक रंगवलेली लाल रेघ होती आणि ती मध्येच तुटली होती. तिथे झाडाच्या पानाच्या आकाराचं गुळगुळीत भोक होतं. डिंकीनं त्यावर कागद धरला, पेन्सिलीनं आकार उतरवला. लाल रेघ असलेला असाच पानासारखा तुकडा तिनं नुकताच पाहिला होता. तिच्या स्वतःच्या घरात!

आता डिंकीच्या घराबद्दल सांगायलाच हवं. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. फुटलेली बरणी द्या, संध्याकाळी अख्खी घेऊन जा. 'आमचा खास घरगुती डिंक,' असं आजोबा सगळ्यांना सांगत, आणि म्हणून पोरीचं नाव पडलं डिंकी. डिंक मात्र घरात औषधालाही नव्हता. ती जादू होती. डोळे मिटायचे, एका तुकड्यावर बोट ठेवायचं आणि बाकीच्यांना मनातून हाक मारायची. तुकडे सरकत येऊन आपापल्या जागी बसायचे. पूर्वी एका गावात हे लोकांना कळलं होतं आणि घाबरलेल्या लोकांनी तरुणपणीच्या आजोबांना तिथून हुसकावून लावलं होतं. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

डिंकीच्या बोटांत ही जादू काठोकाठ भरली होती. तुकडे यायला लागले की तिच्या तळहाताला गुदगुल्या व्हायच्या आणि तिला फार आवडायचं ते. पण तिला शाळाही आवडायची, आणि तराफाही, आणि हे दोघे भाऊबहीण तर सगळ्यात जास्त. घरचा रिवाज असा की ज्याच्या हातात जादू, त्यानं बारावं वर्ष संपलं की शाळा सोडून दुकानात बसायचं. म्हणजे तिची ही शेवटचीच सुट्टी. शिवाय तिला डोळे मिटून बसणं काही जमायचं नाही. एक डोळा हळूच उघडायचा आणि मग बोलणी बसायची.

शेपटीला दाराबाहेर थांबवून डिंकी दुकानात शिरली. फळीवर कुणाचा तरी जोडलेला, हातात धरायचा आरसा होता. त्यातला लाल रेघेचा तुकडा परका म्हणून उठून दिसत होता. तिनं कागद त्यावर ठेवला. आकार तंतोतंत जुळला.

तिला सगळं कळलं. आजोबा आधी प्रत्येक तुकडा चाचपून घ्यायचे आणि एक जरी कमी असला तरी गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. पण या सुट्टीत त्यांचं मनगट मुरगळलं होतं आणि दुकान डिंकीच्या काकाच्या हातात आलं होतं. काकाचं काम म्हणजे झटपट! पिशवी टेबलावर उपडी करायची, डोळे मिटायचे, हाक मारायची. मूळ तुकडा कुठल्या तरी कचऱ्यात गेलेला असला, तर जवळपासच्या तसल्याच वस्तूचा तुकडा निघून यायचा. तेही दुपारी, गल्ली जेवून पेंगत असताना.

काकानं हे ऐकलं आणि तो पोट धरून हसला. आपल्या घराण्यात आजवर चुकीचा तुकडा आलेलाच नाही, असं तो म्हणाला.

"पण तुला कसं कळणार?" डिंकीनं विचारलं. "सगळ्यांचे डोळे तर मिटलेले होते."

काका म्हणाला, जा, खेळ जा.

डिंकी ओट्यावर बसून राहिली. गप्प बसावं तर नेमबाज उद्या जाणार. बोलावं तर कदाचित आपलंच घर इथून उठणार. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. मग तिनं नाक पुसलं, शेपटीचा हात धरला आणि नेमबाजाच्या खिडकीखाली जाऊन दोघांना सगळं सांगून टाकलं.

नेमबाजानं गजांना नाक टेकवलं. "म्हणजे तुमच्याकडे डिंक नाहीच?" तो म्हणाला. "आणि मी गेल्या वर्षी त्याच्यासाठी डबा घेऊन आलो होतो!"

तिघं हसली आणि बेत ठरला. डिंकीनं घरातल्या निळ्या फुलांच्या कपबश्यांमधली एक बशी फोडली. एक तुकडा हाकेला जाऊ नये म्हणून नेमबाजानं गल्लीच्या त्या टोकाला आपल्या खोलीत धरून ठेवायचा. बाकीचे पिशवीत घालून शेपटीनं काकाकडे न्यायचे. आणि काकाच्या डोक्यावरच्या फळीवर डिंकीनं त्याच फुलांचा कप ठेवायचा. चहानं भरलेला.

काकानं नेहमीप्रमाणे पिशवी उपडी केली, डोळे मिटले आणि हाक मारली. फळीवर टक् असा आवाज झाला.

"काका, डोळे उघड," डिंकी म्हणाली.

त्यानं उघडले. कपाचा निळा तुकडा हवेतून ऐटीत खाली येत होता आणि त्याच्या मागोमाग सगळा चहा. चहा काकाच्या डोक्यावर पडला. नशीब, डिंकीनं तो निववून ठेवला होता.

आवाज ऐकून आजोबा आले. त्यांनी बशी बघितली, कप बघितला, पानाच्या आकाराचा कागद बघितला आणि दारात टकामका बघणारी शेपूटही बघितली. डिंकी म्हणाली, "आजोबा, मी त्यांना सांगितलं. नेमबाजाला उद्या नेणार आहेत."

आजोबा तिला रागावले नाहीत. त्यांनी चपला घातल्या.

नेमबाजाच्या घरी ट्रंक उघडी होती आणि आई तीत कपडे भरत होती. आजोबांनी सलूनवाल्या काकांनाही बोलावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की आरसा आमच्या घरानं नेला, पोराचा काही दोष नाही, आम्ही वस्तू डिंकानं नाही, जादूनं जोडतो. डिंकीनं त्यांचा सदरा घट्ट धरून ठेवला होता. आता ओरडा सुरू होणार, आता 'चालते व्हा' म्हणणार!

नेमबाजाच्या बाबांनी डोकं खाजवलं. "आजोबा, ते माहितीये आम्हाला," ते म्हणाले. "माझ्या आईची बरणी तुम्ही जोडलीत, तर जोडल्याची रेघसुद्धा दिसेना. असला डिंक असतो होय कुठे?"

"मग कुणी बोललं कसं नाही?" आजोबांनी विचारलं.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून आम्ही विचारलं नाही," सलूनवाले काका म्हणाले. "पण माझा आरसा तुमच्याकडे असेल, हे काही डोक्यात आलं नाही."

आजोबा मटकन ट्रंकेवरच बसले. डिंकीचा जीव भांड्यात पडला आणि तिला एकदम खूप भूक लागली. नेमबाजाला खोलीतून बाहेर काढण्यात आलं. बाबांनी त्याला जवळ घेतलं आणि आपण चौकशी न करता शिक्षा दिली, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. सलूनवाल्या काकांनी तर फुकट केस कापून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा नेमबाज परत खोलीत शिरायला निघाला. आजोबा ट्रंकेवरून उठल्याबरोबर आईनं कपडे बाहेर काढायला घेतले.

संध्याकाळपर्यंत काका एकेका दुकानात जाऊन तुकडे परत बसवत होता, डोळे टक्क उघडे ठेवून आणि पुतणीला विचारून विचारून. बेकरीवाल्यांनी डिंकीच्या हातावर गरम पाव ठेवला आणि ही पोर गल्लीची शान आहे म्हणाले.

घरी येताना आजोबा सावकाश चालत होते. "इतकी वर्षं मी उगाच भीत राहिलो," ते म्हणाले. "तू मित्रासाठी बोललीस म्हणून मला कळलं. शाळा कधी सुरू होतेय तुझी?"

"सोमवारी," डिंकी म्हणाली.

"मग जा की. दुकानात संध्याकाळी येत जा. पण शाळेतून आलीस की आधी काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी कामाला बसायचं नाही."

डिंकीनं पावाचा उरलेला तुकडा मोडून अर्धा आजोबांच्या हातावर ठेवला.