तिसऱ्या हाकेआधी

पोरांनो, ही डोणगावच्या इंद्रभानची गोष्ट. गेल्या सप्टेंबरची सत्तावीस तारीख, शनिवार. संध्याकाळी तो मेहकरला जाऊन मोबाइलचा रिचार्ज मारून आला. त्याची लेक मंजुश्री कॅनडात नर्स आहे. ती आणि जावई प्रसेनजित सुट्टी काढून समुद्राच्या काठाकाठानं गाडीनं सावकाश फिरत होते. बापाला समुद्र दाखवते, म्हणाली होती. बायको सिंधूताई बहिणीकडे मुक्कामाला गेलेली. घरात इंद्रभान एकटा.

रात्री दहा वीसला व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार. रंगीत लाकडी घरं, होड्या, दीपगृह. लेक दाखवत होती, बाप डोळे भरून पाहत होता.

"जेवले का बाबा?"

"हाव. तू कशावर उभी हायेस बाई?"

"दगडावर. पहा ना, कशा लाटा येऊन राह्यल्या."

दगड काळा होता. ओला. म्हणजे लाट तिथवर पोचत होती. तेवढ्यात हाक आली.

"मंजे…"

बाईचा आवाज.

"आई आली का घरी?" मंजुश्रीनं विचारलं.

"नाही. हाक तुह्याकडून आली."

"इकडं मले मंजे कोण म्हणते? प्रसेनजित तर गाडीत झोपला. तुमच्याच घरातून आली."

इंद्रभाननं मागं पाहिलं. दाराला आतून कडी होती.

त्याची माय सांगायची, रात्रीच्या हाकेला लगेच ओ देऊ नये. तिसरी येऊ द्यावी. जे माणूस नाही ते दोनदाच हाक मारते, आणि जो ओ देईल त्याच्याकडं येते. इंद्रभान विहारात जाणारा माणूस. असलं काही मानत नव्हता. पण आज आवाज दाबून बोलला.

"मंजू, ओ देऊ नको. गाडीकडं जाय."

ती हसली. "बाबा, ते रात्रीसाठी असते. इथं तर दुपार हाय."

"पोरी, इथं रात्र हाय ना…"

"मंजे…"

या वेळी जवळून. अगदी जवळून.

मंजुश्रीचं हसू गेलं. ती समुद्राकडे वळली. एक पाऊल टाकलं. ओठ उघडले…

इंद्रभाननं फोन तोंडाशी धरला.

"ओ," तोच बोलला.

सगळं गप्प झालं. लाटासुद्धा…

बापाचा आवाज ऐकून मंजुश्री दचकली. मागं सरकली. दोन पावलं. तीन. आणि पांढरी लाट आली. दगड दिसेना. फोन बंद.

अर्धा तास इंद्रभान खाटेवर बसून होता. मग तिचा फोन आला. भिजली होती, रडत होती. पण गाडीत होती.

"बाबा… तुम्ही काऊन ओ देल्ली?"

"असंच. कपडे बदल बाई. सर्दी होईल."

सकाळी सिंधूताई परतली. त्यानं कडी काढली. ती पायरीवरच थांबली.

"रात्री कोण आलं होतं?"

त्यानं पायरीकडं पाहिलं.

पायरीवर अनवाणी पावलं उमटली होती. वाळून पांढरी झालेली. तिनं नखानं खरवडलं. मीठ.

उंबरठ्यावरून आत, खाटेपर्यंत…

परत फिरलेलं एकही नव्हतं.