माइक नव्हताच

साईनाथ देशमाने म्हणजे दारूगोळा कारखान्यातले निवृत्त तंत्रज्ञ. १९८३ साली खडकीच्या क्वार्टरमध्ये भंगारातले सुटे भाग जोडून त्यांनी सिंथेसायझर बनवला आणि त्यावर 'विजेचा मारवा' ही कॅसेट काढली. तेव्हा शेजारी म्हणाले, "यापेक्षा कारखान्याचा भोंगा बरा!" आणि आता बघा, कॉलेजची पोरं तीच कॅसेट लावून अभ्यास करतात, झोपतात. शौनक नावाचा मुलगा तर ती इंटरनेटवर चोवीस तास वाजवतो. आत्ता किती जण ऐकतायत, तो आकडाही खाली दिसतो.

कॅसेट खरखरते म्हणून त्यांची मुलगी तनुजा ती साफ करायला बसली. ध्वनिमुद्रण हाच तिचा धंदा. शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये तिनं हेडफोन लावले, तर दर दोन सुरांच्या मध्ये कुणीतरी श्वास घेत होतं.

"बाबा, माइक फारच जवळ ठेवला होता तुम्ही."

"माइक नव्हताच. वायर थेट टेपमध्ये. एवढं कळत नाही, म्हणे ध्वनिमुद्रक!"

तिला कसंसंच झालं. तरी तिनं एकूण एक श्वास कापला आणि फाइल शौनकला पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं ती लावली. दहा वाजून पाच मिनिटांनी बाबांच्या हातातली बशी कलंडली.

दम्याच्या पंपाचा उपयोग होईना. रुग्णवाहिका लक्ष्मी रस्त्यावर अडकलेली. तनुजा खिडकी ते पलंग नुसत्या येरझाऱ्या घालत होती, फोनवर मारवा चालूच होता. मग तिच्या लक्षात आलं. जिथं तिनं कापलं होतं, तिथंच बाबांचा श्वास अडकत होता.

"शौनक, जुनी लाव. आत्ताच्या आत्ता!"

"ताई, नवीन एवढी भारी झालीय…"

"लाव म्हणते ना!"

जुनी सुरू झाली. टेपमधल्या श्वासाबरोबर बाबांनीही श्वास घेतला.

"बघतेस काय? चहा सांडला, दुसरा कर," ते म्हणाले. तनुजाला रडूच फुटलं. रुग्णवाहिकावाले उशिरा आले, सगळं ठीक आहे म्हणून गेले.

तेव्हा दोनशे दहा जण ऐकत होते. पण परीक्षांचा शेवटचा दिवस होता. पोरं पेपर देऊन गावाला निघाली. आकडा चाळीसवर आला तसे बाबा बोलायचे थांबले. नऊवर आला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

तिनं ओळखीच्या प्रत्येकाला मेसेज टाकला: काही विचारू नका, फक्त हे लावा. पण दुपारचे दोन वाजलेले. अख्खी पेठ वामकुक्षीत.

चार.

दोन.

एक.

तो एक म्हणजे तिच्याच हातातला फोन होता. बाबा टेपबरोबर श्वास घेत होते, बारीक, पण घेत होते.

मेसेज वाचून प्रेमलामावशीला काळजी वाटली. तिनं लगेच कॉल लावला. तनुजाचा फोन वाजायला लागला आणि मारवा थांबला.