बारावा मुलगा

कॉलेजच्या फलकावरच्या प्रतीक्षा यादीत पहिलंच नाव भुजंगचं होतं. तरी त्याची खात्री पटेना, म्हणून तो पुढेही वाचत राहिला. सातव्या नावावर त्याचं बोट दुसऱ्या बोटाला लागलं... त्याने चटकन हात मागे घेतला.

"तुम्ही खालून वाचताय?" त्याने कसंबसं विचारलं.

"यादीत आपण खालीच असतो की. लवकर सापडतं," ती हसली. "मी पंचशीला. भोकरची. इथं आत्याकडं राहायलेय."

"मी औशाचा. लातूर जिल्हा."

"तुमच्या जिल्ह्यापेक्षा माझी चप्पल जुनी हाय!"

लातूर वेगळा जिल्हा होऊन खरोखरच वर्ष झालं नव्हतं. पावसाने मात्र दोन वर्षं पाठ फिरवली होती. कॉलेजची टाकी कोरडी पडली, प्रयोगशाळेला पाणी पुरेना, म्हणून बी.एस्सी.ची तिसरी तुकडी रद्द झाली. त्या तुकडीचे बारा जण आता या यादीत होते.

रोज अकराला दोघं फलकाशी भेटू लागले. यादी तीच असे. तरी दोघं ती पुन्हा पुन्हा वाचत, ती खालून, तो वरून... आणि सातव्या नावाशी थांबत.

"शनिवारी दादा न्यायला येणार," एके दिवशी ती म्हणाली. "नाव लागलं तर राहायचं. न्हाई तर भोकरची गाडी. मला रसायनशास्त्र लई आवडतं हो..."

शुक्रवारी पहिल्या तुकडीत एक जागा सुटली. कारकुनाने भुजंगचं नाव पुकारलं. त्याने सही केली, प्रवेशाची पावती घेतली आणि बाहेर फलकाशी येऊन उभा राहिला.

"तोंड कशाला पाडलंय? पेढे द्या की!" पंचशीला म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"पाणीच नाही ना?" तो अचानक म्हणाला. "मग आपण आणू. इथं माझ्या मावशीच्या आडाला अजून पाणी हाय. एकेकाने एक घागर..."

"सरांना सांगा."

"मी? मला नाही जमत बोलायला."

"चला, मी हाय बाजूला."

भुजंग रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख चन्नबसप्पा सरांसमोर उभा राहिला. त्याच्या तोंडून 'घागर' एवढा एकच शब्द बाहेर आला. बाकीचं पंचशीलानेच सांगितलं.

सर हसले. "बाई, परीक्षानळ्या धुवायला किती पाणी लागतं, ठाऊक आहे?"

"आमच्या घरी एका तांब्यात सात भांडी निघतात, सर. सगळं पाणी एकदम ओतायचं न्हाई. थोडं थोडं, तीनदा."

सरांनी चष्मा काढला. "पोरी, हेच तर मी पहिल्या तासाला शिकवतो. कुणी ऐकत नाही!" मग ते गंभीर झाले. "आठवडाभर चालवून पाहू. पाणी कमी पडलं, तर तुकडी त्याच दिवशी बंद. पण बारा मुलांशिवाय तुकडी होत नाही. हा गेला पहिल्या तुकडीत. राहिले अकरा."

पंचशीलाची मान खाली गेली.

भुजंगने खिशातली पावती काढून टेबलावर ठेवली.

"बारावा मी, सर. ही जागा मी सोडली."

"येडे का हो तुम्ही?" ती पुटपुटली. "तुकडी बंद पडली तर?"

भुजंगने पावती सरांकडे आणखी सरकवली. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

शनिवारी दादा आला. बोर्डावर लागलेलं बहिणीचं नाव त्याने दोनदा वाचलं आणि एकटाच भोकरच्या गाडीत बसला.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या दारात घागरींची रांग लागली. भुजंग आला तो अर्धा सदरा भिजवूनच.

"निम्मी वाटेतच सांडली की!" पंचशीला म्हणाली.

"तुझ्याकडं बघत आलो..."

"मी तर आत्ता पोचले!"

"म्हणजे... आठवत."

आपली घागर तिने त्याच्या घागरीवर हळूच कलती केली. पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत ओतत राहिली.

"पंचशीला," त्याने धीर केला, "मी बारावा झालो ते... नुसतं तुकडीसाठी नाही."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"मी खालून वाचते ना," ती घागर कमरेवर घेत म्हणाली. "शेवटचं मला आधी कळतं."